सतरा नंबरचा धारक

दर्यासागर वसाहत, तात्पुरती शेड नं. ९, रत्नागिरी
२२ एप्रिल २०२५

राहीवन्सं,

नमस्कार. फोन सोडून ही पत्र कुठे लिहीत बसली, असं मनात येईल. तर ऐका. तुमच्या कानामुळे फोनवर मला ओरडावं लागतं आणि इथे शेडमध्ये मधल्या भिंती प्लायच्या. मागे तुम्हाला "भात कसं झालं" विचारलं, तर पलीकडून गंगुबाईनेच उत्तर दिलं, "आमचं बरं झालं गो!" म्हणून लेकाची, संदेशची, जुनी वही काढली. तुम्हीही पत्रानेच उत्तर द्या.

शिमगा झाला आणि गृहमंडळाने आमच्या रांगेतली अकरा घरं रिकामी करून घेतली. बत्तीस घरांतली एकवीस आधीच बांधून दिली आहेत. मी जाऊन बघून आले. उगाच नावं ठेवणार नाही, काम चांगलं केलंय. चाळीस वर्षांची गळकी कौलं गेली, वर स्लॅब आला, संडास घरात आला, नळाला पाणी येतं. रहिवाशांची बैठक घेऊन काय हवं ते विचारलंही. साहेबांच्या नकाशात मासे साफ करायला जागाच नव्हती. आम्ही बायकांनी गिल्ला केला तेव्हा प्रत्येक घरामागे नळ आणि दगडी फरशी धरली. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं म्हणतात, इथे निदान थांबल्याचं काहीतरी दिसतंय.

पण मला शेडमध्ये बसवत नाही. बाजारातून आले की टोपली टाकते आणि आपल्या सतरा नंबरच्या घरासमोर जाऊन उभी राहते. अजून कुलूप आहे. तरी जाते.

आता मुद्दा. मंडळाने रहिवाशांच्या मदतीला मनिषा म्हणून एक मुलगी नेमली आहे. परवा फाईल घेऊन आली. घर ज्याच्या नावावर तो 'धारक'. आपल्या घराचे धारक तुमचे भाऊ. फॉर्मवर तीन चौकोन होते, हयात, मयत, बेपत्ता. मी हयातवर खूण केली. "कुठे असतात?" म्हणाली. म्हटलं, वेरावळला ट्रॉलरवर.

तुम्हाला काय सांगायचं. गौरी बोळवल्या आणि तिसऱ्या दिवशी लाँच गेली, त्याला या भाद्रपदात सात वर्षं होतील. पाचातले तिघे वाहून आले, दोघे आलेच नाहीत. जो मेलेला कोणी बघितला नाही त्याला मी मयत कशी लिहू? आणि बेपत्ता म्हणजे काय, हरवायला ते लहान पोर आहेत?

त्यांच्या आधारकार्डाची प्रत मागितली आहे. माझ्याकडची लाँचबरोबर गेली. तुमच्या पेटीत असेल तर पाठवा. नाहीतर संदेश गणपती झाले की तुमच्याकडे कौलं चाळायला येतोच, पण मंडळ तोवर थांबायचं नाही.

तुमची
गुणवंती

०

वेळणेश्वर
६ मे २०२५

चि. सौ. गुणवंती हिस राहीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझं अजून शाळेतल्यासारखं आहे. इकडे देवळापाशी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, सुट्टी आहे ना. दोन खोल्या भाड्याने दिल्यात, त्यांच्या चहापाण्यात दिवस जातो.

बाबल्याचं आधारकार्ड माझ्याकडे नाही. पेटी दोनदा उपसली.

गुणा, त्या फॉर्मवर आता आणखी काही लिहू नकोस. जे लिहिलंस ते लिहिलंस. मंडळाची माणसं पुढे काय करतात? मुंबईला जाऊन शोध घेतात का? तिकडे संदेशला काही विचारलं का त्यांनी? सगळं मला कळव. घाई करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मनिषेशी फार बोलू नकोस. मुली गोड बोलून पोटातलं काढून घेतात.

कोकम वाळत घातलंय, एसटीने पाठवते. पाय सुजले की गरम पाण्यात ठेवत जा.

तुझी
राहीताई

०

शेड नं. ९
१० जून २०२५

राहीवन्सं,

कोकम पोचलं. अर्धं गंगुबाईच्या आमटीत गेलं.

मूठ झाकायला सांगता, पण मूठ उघडायची वेळ आली आहे. घर तयार झालं की चावी देताना धारकाचा अंगठा मशीनवर घेतात, हे मला आता कळलं. मनिषा म्हणाली, "मावशी, काका हयात आहेत ना? मग एक दिवस बोलवा त्यांना. तिकीट काढायला अडचण असली तर सांगा." मी नुसती मान हलवली. स्वतःच्या हाताने खूण केली आणि स्वतःच अडकले. आता अंगठा कुठून आणू?

वसाहतीची मात्र कमाल आहे. एकही माणूस खरं बोलला नाही. गंगुबाई तिला म्हणाली, "येतील गो, नारळी पुनवेला येतील." पलीकडचा निलेश म्हणाला, परवाच फोनवर बोललो. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कोणी ते गेले असं म्हटलं नाही, आणि आता परक्या पोरीसमोरही माझी लाज राखतात. त्याने बरं वाटायला हवं ना? मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं.

घर उघडलंय. वरचं छप्पर काढलं, आतून आभाळ दिसतं. मासेमारी बंद, बाजारात सुकट आणि बोंबील घेऊन दुपारपर्यंत बसायचं, मग तिकडे जाऊन उभं राहायचं. गवंडी ओरडतात, "मावशी, बाजूला व्हा, डोक्यात वीट पडल!" मी दोन पावलं मागे होते आणि पुन्हा पुढे येते. मागचं दार त्यांनी अरुंद धरलं होतं. मी भांडून रुंद करून घेतलं. जाळ्याचा बोजा खांद्यावर घेऊन माणूस आडवा कसा शिरणार? गवंडी म्हणाला, "जाळं आणतं कोण?" मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा विटा मोजायला लागला.

राग येऊ देऊ नका, पण तुमच्या पत्राचा मला राग आला. "घाई करू नकोस" म्हणायला तुमचं घर शाबूत आहे. चावी मिळाली नाही तर शेड मोडल्यावर मी जायचं कुठे? मुंबईला संदेशच्या खोलीत? तिथे तो आणि त्याचे तीन मित्र पाळीने झोपतात.

आणि एक सांगू? त्या दिवशी बंदरावर तुम्हीच माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, "कुंकू पुसू नको. माझा भाऊ येणार हाय." तो शब्द मी सांभाळते आहे. मला काय वाटतं ते मला कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मी मयत लिहिलं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू?

गुणवंती

०

वेळणेश्वर
२ जुलै २०२५

चि. सौ. गुणवंती हिस आशीर्वाद.

पत्र लिहायला उशीर झाला. लावणीचे दिवस. कंबर धरली आहे.

माझ्यासाठी तू काही करू नकोस. बंदरावर मी काय बोलले ते मला आता नीट आठवतही नाही. त्या वेळी माणूस काहीही बोलतं.

सात वर्षं झाली की कोर्टातून कागद मिळतो असं इकडे एकजण सांगत होता. संदेशला विचार. तो शिकलेला आहे. सगळं मलाच का विचारतेस? त्याच्याशी बोल, पण त्याला ओरडू नकोस. पोर गुणी आहे.

दहा नारळ पाठवलेत.

राहीताई

०

शेड नं. ९
१९ ऑगस्ट २०२५

राहीवन्सं,

नारळी पौर्णिमा झाली. वसाहतीतल्या सगळ्यांनी दर्याला नारळ दिला, मीही दिला. मनिषा किनाऱ्यावर आली होती. तिने आजूबाजूला कोणाला शोधलं नाही, "काका आले का" विचारलं नाही. तेव्हाच मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची नोटीस आली. बाकी दहा घरांच्या चाव्या एकोणीस सप्टेंबरला. सतरा नंबरच्या धारकाने स्वतः हजर राहावं, नाहीतर घराला सील आणि फाईल वरच्या कार्यालयात. वर गेलेली फाईल खाली येईपर्यंत मी असेन का?

मनिषा माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. बंदरावरच्या यादीत नाव वाचलं होतं. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले." मला इतकी शरम वाटली. चार महिने ती मला वेड्यासारखं खेळू देत होती. तिच्यावर ओरडले, "मंग गपचूप का ऱ्हायलीस? मज्जा बगत व्हतीस?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फाईलमधला एक कागद माझ्यापुढे ठेवला.

संदेशचा जबाब. तिने त्याला मुंबईला फोन केला होता आणि त्याने लेखी पाठवला. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत असणारच, तरी लिहिते. "माझे वडील समुद्रात मयत झाले असून त्यांचा विधी मी सन २०१९ मध्ये वेळणेश्वर येथे आत्या श्रीमती राही यांच्या घरी केला आहे व दरवर्षी पितृपक्षात श्राद्ध करत आहे."

ते मी तीनदा वाचलं. मग मला हसू फुटलं. गंगुबाई धावत आली, तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. वन्सं, कौलं चाळायची ती मे महिन्यात. पाऊस पडायच्या आधी. शेंबडं पोरही सांगेल. भाद्रपदात कोण कौलं चाळतं? सहा वर्षं माझा मुलगा भाद्रपदात कौलं चाळायला जातो म्हणून सांगतो आणि मी त्याला लाडू बांधून देते. जन्म कौलाखाली काढला आणि मला हे सुचलं नाही. का सुचलं नाही, ते तुम्हीच सांगा.

संदेशचा फोन मी उचलत नाही. पहिलं उत्तर तुमचं हवंय. गोल गोल लिहू नका.

गुणवंती

०

वेळणेश्वर
२५ ऑगस्ट २०२५

चि. गुणवंती,

गोल लिहीत नाही.

वर्ष होत आलं होतं. संदेशला रात्रंदिवस बाप स्वप्नात दिसायचा, ओल्या कपड्यांत. नोकरीवर जाईना. इकडे आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आत्या, बाबांना वाट दे." मी भटजींना विचारलं. प्रेत नसेल तर दर्भाचा माणूस करतात. आम्ही केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि अंगावर बाबल्याचा चौकड्यांचा शर्ट घातला. तो शर्ट मी गणपतीत तुझ्या घरातून पिशवीत घालून आणला होता. तू आठवडाभर शोधत होतीस, फोनवर मला विचारलंस, आणि मी म्हटलं, मला नाही ठाऊक. चोरी केली, गुणा. संदेशने अग्नी दिला. मी बाजूला उभी होते. तारीख माहीत नाही म्हणून भटजींनी सर्वपित्री धरायला सांगितली. तेव्हापासून दरवर्षी त्या अमावास्येला पान वाढते.

तुला का नाही सांगितलं? तू खाडीकाठी कोरडी नजर लावून बसायचीस. वाटलं, हिला सांगितलं तर ही दर्यात चालत जाईल. बंदरावर मी बोलले त्या शब्दाला तू लटकून होतीस, तो शब्द मीच कसा तोडू? मला वाटायचं, मी तुला जगवते आहे. आणि तू लिहितेस, तू तो माझ्यासाठी सांभाळलास.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय पत्र खोटं होईल. सतरा नंबर माझं माहेर आहे. भाऊ कागदावर हयात आहे तोवर मला माहेर आहे, असं वेडं मनात होतं. तू आधार मागितलंस तेव्हा म्हणूनच म्हटलं, काही लिहू नकोस. तुझ्या डोक्यावरचं छप्पर जाईल हे मी बघितलं नाही. स्वतःचंच बघितलं.

मला शिव्या दे. पण एकोणीस तारखेला तिथे जा. चावी घे. जे लिहायचं ते लिही. मी तुझी वाट अडवणार नाही.

राही

०

घर नं. १७, दर्यासागर वसाहत, रत्नागिरी
२४ सप्टेंबर २०२५

राहीवन्सं,

महिनाभर उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही.

पत्रावर तुम्ही 'सौ.' लिहिलं नाहीत, ते आधी वाचलं. मजकूर मागाहून वाचला. वाचला आणि फाडला, मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचला. गणपतीत संदेश आला, त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "मना का नाय बोलावलंस?" तो म्हणाला, "आई, तू आली असतीस?" आले नसते. त्याला झोडपलं असतं.

सतरा तारखेला स्वतःच मंडळाच्या कार्यालयात गेले. चाव्यांच्या दिवशी सगळ्यांसमोर नको वाटलं. मनिषाची माफी मागितली. तिने नवा फॉर्म काढला, पोलिसांच्या जुन्या पंचनाम्याची प्रत तिने आधीच मिळवून ठेवली होती. कोर्टाचा कागद नंतर आणायचा, त्यासाठी मंडळाचा वकील मदत करणार आहे. तोवर बायकोच्या लेखी निवेदनावर ताबा मिळतो. "मी लिहू का?" म्हणाली. मी म्हटलं, नको, मला येतं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. उखाणा सोडला तर त्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही, लिहिणं तर दूरच. त्या दिवशी लिहिलं. माझे पती बाबल्या भिवा वासावे हे मयत आहेत. 'बाबल्या' लिहायला हात अडला नाही. पुढे अडला. समोरच्या कारकुनाने फायलींत मान घातली, तो भला माणूस होता.

मग आली मयत झाल्याची तारीख. मनिषा म्हणाली, रिकामी सोडली तरी चालेल. मी म्हटलं, "नाय, रिकामी नको. आजवर रिकामीच ठेवली." तिने विचारलं, काय लिहायचं? मी स्वतःच लिहिलं, तारीख माहीत नाही. खाली मी सही केली.

एकोणीसला चावी मिळाली. मशीनवर अंगठा माझा घेतला. धारक म्हणून नाव माझं लागलं आहे. बत्तीसच्या बत्तीस घरं झाली म्हणून साहेबांनी भाषण केलं, पेढे वाटले. भिंतींना रंगाचा वास आहे, स्वयंपाकघरात ओटा आहे, मागच्या फरशीवर परवा पहिले बांगडे साफ केले. घर चांगलं आहे. मी अजून दिवसातून दहा वेळा उठून दारापर्यंत जाते, काय बघायला ते मलाही कळत नाही. जाईल हळूहळू.

टिकली लावते. गंगुबाईने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग विचारलं. म्हटलं, फॉर्मवर टिकलीचा चौकोन नव्हता.

आता तुमच्यावरचा राग सांगते. शर्ट चोरलात त्याचा नाही. खोटं बोललात त्याचाही नाही, मी काय कमी बोलले? राग याचा आहे की तुम्ही दोघांनी त्यांना सहा वर्षं जेवू घातलंत आणि मी एकदाही नाही. मी दारात वाट बघत होते आणि ते तुमच्याकडे जेवून जात होते. बायको कोण होती, मी की तुम्ही?

सर्वपित्रीला संदेशला म्हटलं, यंदा म्हाळ इथे. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, सगळं पहाटे उठून एकटीने केलं. गंगुबाईला हात लावू दिला नाही. पान मी वाढलं. संदेशने मागच्या दारी नेऊन ठेवलं आणि मी उंबऱ्यात उभी राहिले. आधी सगळी माणसं आत जेवायला बसवली आणि मग रडले. खूप रडले. कोणी थांबवलं नाही, त्याबद्दल बरं वाटलं.

तुमचं माहेर कुठे गेलेलं नाही. मागच्या खोलीत तुमची खाट लावली आहे, कानाची मशीन इथल्या दवाखान्यात बघू, मनिषाने डॉक्टरांचं नाव दिलंय. दिवाळीला चार आठवडे आहेत. वसुबारसेच्या गाडीने निघा, संदेश स्टँडवर येईल. पाडव्याला मला ओवाळायला कोणी नाही आणि भाऊबीजेला तुम्हाला कोणी नाही. ते दोन दिवस मला एकटीने निघायचे नाहीत, वन्सं. या.

गुणवंती